समोरच्याचं ऐकू येतंय का?

प्रश्न : मी नाशिकरोडच्या एका शाळेत मराठी शिकवते. स्नेहसंमेलनात नववीची दोन मुलं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला शिवाजी-संभाजींचा प्रवेश करणार आहेत. पाठांतर चोख, आवाज खणखणीत. तरी प्रवेश रंगत नाही. दोघं आळीपाळीने भाषण करतात. काय करू?

उत्तर : ताई, दोघांच्या संहितेची पानं मागून बघा. बहुतेक प्रत्येकाने फक्त आपलीच वाक्यं हायलायटरने रंगवलेली असतील. मग घरी पाठांतर तेवढ्याचंच होतं आणि समोरचा बोलत असताना आपली पाळी कधी येते, एवढंच डोक्यात राहतं. दुखणं तिथे आहे, आवाजात नाही.

आधी भूमिकांची अदलाबदल करून दोन तालमी घ्या. मग मूळ भूमिकांवर या आणि एक नियम लावा : आपलं वाक्य बोलण्याआधी समोरच्याच्या बोलण्यातला जो शब्द मनाला लागला तो मोठ्याने उच्चारायचा, मगच आपलं बोलायचं. मुलं हसतील, प्रवेश दुप्पट लांबेल. लांबू द्या. जिथे शब्द सापडत नाही तिथे तो ऐकतच नव्हता, हे त्याला आणि तुम्हाला तिथल्या तिथे कळतं. काही दिवसांनी तोच शब्द मनात म्हणायला सांगा. तेव्हा जो पॉज पडतो तो खरा. ‘इथे तीन आकडे मोज’ असं सांगून पाडलेला पॉज शेवटच्या रांगेतूनही ओळखू येतो.

‘रागाने बोल’, ‘रडवेला हो’ असं मात्र अजिबात सांगू नका, ही माझी कळकळीची विनंती. ‘आबासाहेबांकडून तुला आत्ता काय हवंय?’ एवढंच विचारा. आपलं म्हणणं वडील ऐकून घेत नाहीत, ही तगमग नववीतल्या मुलाला शिकवावी लागत नाही. आपल्या नाशकात, एचपीटी कॉलेजात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांचं हे नाटक १९६२ सालचं. त्यातले शिवाजी-संभाजी पुतळे नाहीत, घरातले बाप-लेक आहेत. म्हणून जिरेटोप आणि तलवारी रंगीत तालमीपर्यंत कपाटातच राहू द्यात. गणवेशातली ती दोन मुलं बाप-लेक वाटायला हवीत. मोबाइलवर जुने प्रयोग दाखवू नका, नक्कल चिकटते. त्यापेक्षा कालिदास किंवा सायखेडकर नाट्यगृहात एखादं नाटक लागलं असेल तर दोघांना घेऊन जा आणि जो नट बोलत नाहीये त्याच्याकडे बघायला सांगा.

माइकचं थोडक्यात : तालमी माइकशिवाय घ्या, तुम्ही हॉलच्या शेवटच्या बाकावर बसा. मुलांना समोरासमोर न ठेवता जरा तिरकं उभं करा, म्हणजे नजरही भिडते आणि चेहराही दिसतो.

राहिला विसरण्याचा धाक. विंगेतून प्रॉम्प्टिंग नकोच. दोघांनाही अख्खा प्रवेश पाठ हवा. एकजण अडला की दुसऱ्याने भूमिकेतूनच विचारायचं, ‘शंभूराजे, गप्प का?’ याचीही तालीम घ्या : एखाद्या दिवशी एकाला गुपचूप सांगा, ‘आज मधलं एक वाक्य गाळ’, आणि दुसरा कसा सावरतो ते बघा.