परदेशी लायसन्सवर चोपड्यात ब्रोकिंग?

प्रश्न : चोपडा तालुक्यात आमची जिनिंग आणि सरकी-गाठींचा व्यापार आहे. मुलगा बी.कॉम. झाला, त्याला ब्रोकिंग फर्म काढून द्यायची आहे. कापूस, सोन्याचे वायदे आणि जमलं तर फॉरेक्स. एक सल्लागार म्हणतो, सेबीच्या (शेअर आणि वायदे बाजाराच्या सरकारी नियामकाच्या) नादी लागू नका, सेंट व्हिन्सेंट बेटावर कंपनी नोंदवून सहा लाखांत लायसन्स देतो. ओळखीच्या काही व्यापाऱ्यांनी ‘आमचेही सौदे करा’ म्हणून मुलाच्या खात्यात पैसे टाकून ठेवले आहेत. कोणतं लायसन्स घ्यावं?

उत्तर : भाऊसाहेब, लायसन्सचं नंतर बघू. आधी ते पैसे परत करा. ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, बँकेमार्फत, रोखीने नको. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण ‘महिन्याला इतके टक्के देऊ’ असं मुलगा कुणाला बोलला असेल तर प्रकरण ब्रोकिंगचं राहत नाही. ते ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आणि अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा, यांच्याकडे जातं. पतसंस्थांत ठेवी अडकलेली माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे जळगाव जिल्ह्यात एमपीआयडी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आज घेतलेल्या पैशांना उद्याचं लायसन्स मागच्या तारखेने संरक्षण देत नाही.

आता त्या बेटाचं. सेंट व्हिन्सेंटच्या वित्तीय प्राधिकरणानेच जाहीर केलं आहे की ते फॉरेक्स ब्रोकरला परवाना देत नाहीत. सहा लाखांत मिळणार ते कंपनी नोंदल्याचं प्रमाणपत्र, आणि तो कागद चोपड्यात काहीच कामाचा नाही. ग्राहक इथला, पैसा इथला, तर कायदाही इथलाच. परदेशी प्लॅटफॉर्मवर फॉरेक्सच्या मार्जिनसाठी, म्हणजे सौद्यापोटी ठेवायच्या रकमेसाठी, भारतातून पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. असे अनधिकृत प्लॅटफॉर्म ती २०२२ पासून ‘अलर्ट लिस्ट’मध्ये जाहीर करते. फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. भारतातल्या एक्स्चेंजवर चलनाचे वायदे आहेत, पण तिथेही २०२४ पासून पाठीशी खरा परकीय चलनाचा व्यवहार लागतो. गाठी निर्यात करणाऱ्याला ते चालतील, हौशी सौदेवाल्याला नाही. फॉरेक्स यादीतून काढून टाका.

राहिले कापूस आणि सोनं. वायदा बाजार आयोग २०१५ साली सेबीत विलीन झाला, तेव्हापासून वायद्यांच्या ब्रोकरलाही सेबीचीच नोंदणी लागते. तुमच्यापुढे खरे रस्ते दोन.

पहिला, स्वतः एक्स्चेंजचं सदस्य होऊन सेबीकडे स्टॉक ब्रोकर म्हणून नोंदणी घेणं. नुसत्या ट्रेडिंग मेंबरलाही किमान एक कोटीची नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) लागते; एक्स्चेंजकडची अनामत वेगळी. त्यावर सॉफ्टवेअर, ऑडिट, अनुभवी संचालक, नियमपालन बघणारा कम्प्लायन्स अधिकारी. आणि तुमच्या बाबतीत खरी अडचण पुढेच आहे. सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स नियम, १९५७ मधल्या नियम ८ नुसार सदस्याला रोखे आणि वायद्यांच्या धंद्याशिवाय स्वतःची आर्थिक जोखीम असलेला दुसरा धंदा करता येत नाही. म्हणजे जिनिंगच्या फर्मवर हे लायसन्स मिळणारच नाही. वेगळी कंपनी, वेगळं भांडवल, वेगळे हिशेब ठेवावे लागतील. सीझनला कापसाचे पैसे चुकते करायला कमी पडले म्हणून तिकडचे इकडे फिरवले, असं करता येणार नाही. गावाकडच्या पेढ्यांची नेमकी हीच सवय असते, म्हणून सांगतोय.

दुसरा रस्ता ऑथोराइज्ड पर्सनचा, बाजारात ‘एपी’ म्हणतात तो. जुनी सब-ब्रोकरची पद्धत सेबीने २०१८ साली बंद केली, आता हेच आहे. नोंदणीकृत ब्रोकर तुम्हाला नेमतो, एक्स्चेंज मंजुरी देतं, सेबीकडे वेगळी नोंदणी लागत नाही. सौदे टाकायचं टर्मिनल मुलगा चालवणार असेल तर त्याने एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा द्यावी. एपीला ग्राहकाचा एक रुपयाही स्वतःच्या खात्यात घेता येत नाही. कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची पावती, ब्रोकरच्या नावाची, ग्राहकाकडून वेगळी फी नाही, ब्रोकरेजमधला ठरलेला हिस्सा ब्रोकरकडून.

माझं मत स्पष्ट आहे : एपी घ्या. दोन-तीन सीझन मुलाला सराफ आणि जिनवाल्यांत ग्राहक जोडू द्या, ब्रोकरेज किती येतं ते दिसेल, मग एक कोटी अडकवायचे की नाही ते ठरवा.

एपी झाल्यावर कुणीतरी नक्की म्हणेल, ‘सौदा एक्स्चेंजवर कशाला, आपसात वहीत लिहून ठेव.’ तो डब्बा. त्याला दहा वर्षांपर्यंत कैद किंवा पंचवीस कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, पण म्हणावंच लागेल.

त्या सल्लागाराला विसार दिला असेल तर पावती, बँकेची नोंद आणि ‘लायसन्स देतो’ असे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपून ठेवा, चॅट डिलीट करू नका. रक्कम परत मागणारी लेखी नोटीस द्या. मसुदा करायला कागद घेऊन जळगावला या.