मुलांच्या वाढदिवसाला घरच्या घरी दरवर्षी पाळता येईल अशी प्रथा कोणती?

तुमची मुलगी पुढच्या महिन्यात तीन वर्षांची होतेय. मोठा समारंभ नकोय, पण 'ही आमच्या घरची पद्धत' म्हणता येईल असं काहीतरी यंदापासून सुरू करायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मला दोन मुलं आहेत, मुलगा चौदा वर्षांचा आणि मुलगी नऊ. आमच्याकडे जे टिकलं ते सांगते.

आधी एक गोष्ट. ज्या वर्षी हातात पैसे नसतील, कुणी आजारी असेल, आईबाबांपैकी एकजण परगावी असेल, त्या वर्षीही जे करता येईल तेच निवडा. सजावट, पाहुणे, खेळ हे सगळं हौसेने करावं, पण त्यावर प्रथा उभी करू नये. एक वर्ष चुकलं की मुलाला ते लागतं आणि आपल्यालाही.

आमच्या घरातली सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे जन्माची गोष्ट. वाढदिवसाच्या आदल्या रात्री, दिवे मालवल्यावर, अंथरुणात पडल्या पडल्या सांगायची. मुलाच्या वेळी पहाटे कळा सुरू झाल्या, घाईत त्याच्या बाबांनी एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात माझी चप्पल घातली आणि दुपारपर्यंत तसेच वावरले. ही गोष्ट त्याला पाठ आहे. एका वर्षी दमले होते म्हणून मी चपलांचा भाग गाळला, तर तो ताडकन उठून बसला, "आई, चपला राहिल्या!" तो दहा वर्षांचा झाला तेव्हा मी माझ्या आईच्या आजारपणामुळे तिच्याजवळ होते. त्या वर्षी घरात दुसरं काहीच झालं नाही. गोष्ट मात्र मी फोनवरून सांगितली, अगदी चपलांसकट.

याच्यामागे अभ्यासही आहे. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश यांनी 2001 च्या सुमारास मुलांना विचारायचे वीस प्रश्न तयार केले होते. आईबाबा कुठे भेटले, तुझ्या जन्माच्या वेळी काय काय घडलं, असे. घरच्या गोष्टी जास्त माहीत असलेल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास जास्त दिसला. नुसती माहिती पाठ करून हे साधत नाही, असं त्यांनीही म्हटलंय. त्या गोष्टी ज्या निवांतपणे, पुन्हा पुन्हा, एकत्र बसून सांगितल्या जातात, त्यात खरं बळ आहे. मूल दत्तक असेल तर ते घरी आलं त्या दिवसाची गोष्ट सांगा. माझ्या जवळच्या एका घरात तीच सांगतात आणि ती पोर ती तितक्याच ओढीने ऐकते.

तीन वर्षांच्या मुलीला यातलं काय कळणार, असं वाटेल. मोठेपणी आपल्याला आठवणाऱ्या पहिल्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातल्या असतात, त्यामुळे यंदाचा वाढदिवस तिला बहुधा आठवणारही नाही. पण टेक्सास विद्यापीठात जॅकलीन वूली यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांशी वाढदिवसांबद्दल बोलून पाहिलं, तेव्हा त्यातल्या अनेक लहानग्यांना वाटत होतं की वाढदिवस साजरा केल्यामुळेच वय वाढतं! हे वाचलं तेव्हा मला माझी मुलगी आठवली. तिच्या चौथ्या वाढदिवसाला ताप होता म्हणून आम्ही सगळं पुढे ढकललं, तर ती आठवडाभर "मी अजून तीनच" म्हणत होती. तेव्हा या वयात तारीख पाळता आली तर पाळा. पाहुणे हवे तर रविवारी बोलवा, पण घरातलं काहीतरी त्याच दिवशी होऊ द्या.

दुसरी पद्धत उंचीच्या खुणेची. आधी आम्ही दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खुणा करायचो. मग घराला रंग दिला आणि सहा वर्षांच्या खुणा एका दुपारी गेल्या. मी फार रडले होते. आकडे वहीत उतरवले होते म्हणून वाचलं. आता लाकडी पट्टी आहे, भिंतीला स्क्रूने लावलेली. जमिनीपासून किती उंचीवर लावली तो आकडा पट्टीच्या पाठीमागे लिहिलाय, म्हणजे घर बदललं तरी ती बरोबर बसवता येईल. मोजताना अनवाणी, टाचा भिंतीला, नजर समोर, आणि डोक्यावर पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात धरायचं. वेळ दरवर्षी एकच ठेवा, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची जवळजवळ एक सेंटिमीटर कमी भरते. आम्ही सकाळी उठल्या उठल्या मोजतो. या वयात वर्षाला साधारण पाच ते सात सेंटिमीटर वाढ होते, म्हणजे दोन खुणांमधलं अंतर मुलांना लांबूनही दिसतं. पुस्तक धरायचं काम भावंडाचं. ज्याचा वाढदिवस नसतो ते मूल त्या दिवशी हिरमुसतं, त्याला असं हक्काचं काम लागतं.

आणि प्रश्न. दरवर्षी तेच पाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर मुलाच्या शब्दांत, काहीही न सुधारता लिहायचं. आमच्यातला एक प्रश्न आहे, "आता तुला एकटीला काय करता येतं?" चार वर्षांची असताना मुलगी म्हणाली होती, "बटण लावता येतं. खालचं." गेल्या वर्षी तिने उत्तर माझ्या हातातून वही घेऊन स्वतः लिहिलं. फोनवर चित्रफीतही घेता येईल, पण कॅमेरा दिसला की आमची मुलं वेगळीच बोलू लागतात, म्हणून वहीच बरी.

भेटवस्तूंबद्दल माझं फारसं मत नाही. फुगे लावणार असाल तर फुटलेले तुकडे लगेच उचला. लहान मुलं ते तोंडात घालतात आणि ते घशात अडकून जीव गुदमरतो.

तिन्ही गोष्टी एकदम सुरू करू नका. यंदा गोष्ट पुरे. उंची मात्र त्या सकाळी मोजून कुठेतरी लिहून ठेवा. पट्टी पुढच्या वर्षी लावलीत तरी चालेल, तिसऱ्या वर्षाची खूण तेव्हा आकड्यावरून करता येईल.