विधवांच्या यादीला साठ वर्षांची अट कशासाठी?

प्रश्न : आमच्या मंडळीने (चर्चने) निराधार विधवांसाठी निधी उभारण्याचे ठरवले आहे. बायबलच्या नव्या करारातील, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचा आधार घेऊन साठ वर्षांखालील विधवांना त्यातून वगळावे, असे काही जण म्हणतात. अभ्यासक या अटीचा अर्थ कसा लावतात?
— एक वाचक, नवापूर

उत्तर : हे पत्र इफिस नगरातील मंडळीला समोर ठेवून लिहिलेले आहे. यादीत नाव घालायची विधवा साठ वर्षांहून कमी वयाची नसावी आणि ‘एका पतीची पत्नी’ असावी, असे त्याच्या पाचव्या अध्यायाच्या नवव्या वचनात म्हटले आहे. सम्राट ऑगस्टसने इ. स. पूर्व १८ आणि इ. स. ९ मध्ये केलेल्या कायद्यांनुसार पन्नास वर्षांखालील रोमन विधवेने ठरावीक मुदतीत पुनर्विवाह करावा अशी अपेक्षा होती आणि तसे न केल्यास तिच्या वारसाहक्कावर बंधने येत असत. दुसरीकडे, एकाच पतीशी निष्ठेने राहिलेल्या स्त्रीचा गौरव रोमन थडग्यांवर कोरलेला आढळतो. तरुण विधवांनी लग्न करावे हा सल्ला आणि ‘एका पतीची पत्नी’ ही अट, दोन्ही या पार्श्वभूमीवर वाचावी लागतात.

यादी नेमकी कसली होती, हा खरा कळीचा मुद्दा आहे. मुलांचे संगोपन, अतिथिसत्कार, पवित्र जनांचे पाय धुणे, संकटग्रस्तांना साहाय्य अशी कसोटी दहाव्या वचनात आहे. केवळ अन्नवस्त्र द्यायचे असते तर एवढी पारख कशाला केली असती? म्हणून अनेक भाष्यकार ही यादी मंडळीत मानाचे स्थान असलेल्या, सेवेला वाहून घेतलेल्या वृद्ध विधवांची मानतात, तर काहींच्या मते ती पोषणाचीच होती. मला पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण दुसऱ्या शतकाच्या आरंभी इग्नाती आणि पॉलिकार्प या बिशपांच्या पत्रांतही विधवांचा असा वेगळा वर्ग दिसतो. पत्र प्रेषित पौलाचे की नंतरच्या शिष्याचे, हा वाद जर्मन धर्मशास्त्रज्ञ श्लायरमाखरने १८०७ मध्ये उपस्थित केला आणि तो अजून मिटलेला नाही. पण या निष्कर्षाला त्याने बाध येत नाही.

तरुण विधवांविषयीची पुढची वचने कठोर आहेत, ती सौम्य करून सांगू नयेत. मात्र ज्या खरोखर एकाकी आहेत त्यांना आधार द्या, असे सांगणाऱ्या तिसऱ्या आणि सोळाव्या वचनांत वयाचा उल्लेख नाही. आपल्याकडील भिल्ल, गावित समाजांत विधवेच्या पुनर्विवाहाला पूर्वापार मान्यता आहे. तरीही ऊसतोडीला गेलेला नवरा दगावल्यावर दोन लेकरांसह परतलेल्या तिशीतल्या बाईला साठीपर्यंत थांबायला सांगणे या अध्यायात बसत नाही. रोमचा बिशप कर्नेलियस याच्या सुमारे २५१ सालच्या पत्रात तेथील मंडळी पंधराशेहून अधिक विधवांना आणि गरजूंना पोसत असल्याची नोंद आहे. आपल्या निधीच्या नियमांत वयाऐवजी चौथ्या आणि आठव्या वचनांतील कसोटी घालावी : सांभाळू शकतील असे मुलगे-नातू किंवा जवळचे आप्त आहेत का, याची चौकशी आधी व्हावी आणि असतील तर मंडळीने त्यांना त्यांच्या कर्तव्याची जाणीव करून द्यावी.