20-25 किलोची खोकी रोज उचलायची असतील तर कंबर कशी सांभाळावी?

तुम्ही लिहिलंय की गोदामात दिवसभर पॅलेटवरची (माल रचायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटीवरची) 20 ते 25 किलोची खोकी उचलून टेबलावर ठेवावी लागतात. "गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा" हे साहेबांनी सांगून झालंय, तरी संध्याकाळी कंबर धरतेच. मग बरोबर पद्धत कोणती आणि कमरेला पट्टा बांधावा का, असा प्रश्न आहे.

आधी गुडघ्यांचं बघू. तो सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. खोकं लहान असेल आणि दोन पायांच्या मधे मावत असेल, तर गुडघ्यात वाकून उचलण्याचा फायदा होतो. खोकं रुंद असलं की उकिडवं बसल्यावर गुडघेच आडवे येतात, ओझं अंगापासून आणखी लांब जातं आणि कमरेवरचा ताण उलट वाढतो. खरा खेळ अंतराचा आहे. पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरवरून ओढतात आणि ओझं असतं अर्धा मीटर पुढे. म्हणजे 20 किलो तोलायला त्यांना आठ-दहापट जोर लावावा लागतो. वर स्वतःच्या धडाचं वजन आहेच. शिवाय, नुसतं उचलायचं प्रशिक्षण दिल्याने कंबरदुखी टळते असा पुरावा 2011 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या) सापडला नाही, हे साहेबांच्या कानावर घालायला हरकत नाही.

कामाच्या जागेची मांडणी तपासणं हेच माझं काम. त्यासाठी मी अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेचं 1991 चं सुधारित सूत्र वापरतो; एखाद्या कामात किती वजन उचलणं ठीक, हे ते सांगतं. ते 23 किलोपासून सुरू होतं, पण ते सगळं मनासारखं असताना. आता तुमच्यासारखं काम धरा. खोकं 50 सेंटिमीटर खोल, पॅलेटवरचा सगळ्यात खालचा थर, पकडताना हात जमिनीपासून 15 सेंटिमीटरवर आणि टेबलावर ठेवताना 1 मीटरवर. हात घोट्यांपासून 50 सेंटिमीटर पुढे गेले की 23 चे थेट साडेअकरा होतात. जमिनीलगत वाकावं लागतं म्हणून साडेनऊच्या आत. एवढं वर न्यायचं म्हणून आठच्या जरा वर. त्यात 45 अंशात कंबर पिळली की सात. आणि हे मिनिटाला एक या वेगाने दिवसभर चालणार असेल, तर उरतात सव्वापाच किलो! ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या कामगार-सुरक्षा संस्थेचा मार्गदर्शक तक्ता वेगळ्या पद्धतीने बनवलाय, पण पुरुषांसाठी कमरेच्या उंचीवर, अंगालगत 25 किलो दाखवणारा तो तक्ता जमिनीलगत आणि हात लांब करून उचलताना 5 किलोवरच येतो. स्त्रियांसाठी हेच आकडे 16 आणि 3.

आता तेच खोकं 75 सेंटिमीटर उंचीवर असेल, त्याची 30 सेंटिमीटरची अरुंद बाजू अंगाकडे असेल, वळणं नसेल आणि फारसं वरखाली न्यायचं नसेल, तर त्याच वेगात हा आकडा बारा-सव्वाबारापर्यंत चढतो. माणूस तोच, कंबर तीच. तरीही तुमची खोकी त्यात बसत नाहीत, हेही खरं. त्यांच्यासाठी खोक्यातला माल कमी करायला हवा किंवा यंत्र हवं, नुसता वेग कमी करून भागत नाही. उंची वर-खाली होणारं लिफ्ट टेबल मिळत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते मागा.

ते येईपर्यंत भरलेल्या पॅलेटखाली दोन-तीन रिकामी, न मोडलेली पॅलेट नीट एकावर एक ठेवा, खालचा थर गुडघ्यापर्यंत येतो. मात्र वरचा थर खांद्याच्या वर जाऊ देऊ नका. दुसरं, आणि हे लोकांना उलटं वाटतं: टेबल पॅलेटला चिकटवू नका. एक-दोन पावलांची जागा सोडा. जवळ असलं की पाय जागचे हलत नाहीत आणि नुसती कंबर वळते. अंतर असलं की पाऊल टाकावंच लागतं.

उचलण्याआधी खोक्याचा एक कोपरा किंचित कलता करून वजनाचा अंदाज घ्या. मग ते पॅलेटच्या कडेपर्यंत आपल्याकडे ओढून घ्या, एक पाय जरा पुढे टाका, एक हात अंगाकडच्या खालच्या कोपऱ्याखाली आणि दुसरा समोरच्या वरच्या कोपऱ्यावर. हिसका देऊ नका, उसण भरते ती बहुतेक तिथेच. ठेवताना आधी टेबलाच्या कडेवर टेकवा आणि मग आत सरकवा. हातमोजे ढगळ असतील तर बदलून घ्या.

दोघांनी मिळून उचललं तर दुप्पट वजन चालतं असं समजू नका. दोघांच्या ताकदीच्या बेरजेच्या साधारण दोनतृतीयांशच धरायचं, आणि "एक, दोन, तीन" एकानेच म्हणायचं. हातगाडी किंवा पॅलेट ट्रक ओढण्यापेक्षा ढकललेला बरा. बराच वेळ बसून आल्यावर लगेच जड खोक्याला हात घालू नका, चार पावलं फिरून या.

पट्ट्याचं म्हणाल तर दुखापत नसलेल्या माणसाला इजा टाळायला त्याचा उपयोग होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि नायॉश तो सुचवतही नाही. पट्टा बांधला की माणूस एरवीपेक्षा जड उचलायला धजावतो, ही माझी मुख्य हरकत. डॉक्टरांनी दिला असेल तर गोष्ट वेगळी.

साधी कंबर धरली असेल तर अंथरुणाला खिळून राहू नका, सोसवेल तेवढं चालत-फिरत राहा. पण पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि जांघेत बधिर वाटत असेल किंवा लघवी-शौचावर ताबा राहत नसेल तर त्याच दिवशी, थेट रुग्णालयात.