बट नंबर अजून पाठ आहे : वाचकांचे प्रश्न, एका माजी सैनिकाची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की घरात कुणी फौजेतून रिटायर झालेलं असेल तर त्यांच्या हत्यारांच्या आठवणी आणि तुमचे प्रश्न पाठवा. पत्रं भरपूर आली. मी स्वतः इन्फंट्रीतला, एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) वर शिकलो आणि तिच्यानंतर आलेली इन्सास रायफल हातात असताना रिटायर झालो, त्यामुळे जे वापरलंय आणि जे मला पक्कं माहिती आहे तेवढंच सांगतो.

प्रश्न : बाबा १९७१ च्या लढाईत होते. आता ७६ वर्षांचे आहेत, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण रायफलचा नंबर विचारला की लगेच सांगतात. लढाईबद्दल विचारलं तर उठून जातात आणि एसएलआरचं नाव काढलं की तासभर बोलतात. असं का होत असेल?

ताई, तो बट नंबर असणार. कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या हत्यारांच्या खोलीत, शेकडो रायफली रॅकला लागलेल्या असतात, प्रत्येकीच्या बटवर, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यावर, नंबर रंगवलेला असतो आणि तुमची रायफल म्हणजे तो नंबर. रोज तो सांगूनच रायफल घ्यायची आणि संध्याकाळी तो सांगूनच जमा करायची. रिक्रूट असताना उस्ताद, म्हणजे शिकवणारे, मध्यरात्री उठवून नंबर विचारायचे आणि अडखळलं की रायफल डोक्यावर धरून ग्राउंडला चकरा. माझा ११३ होता. घरच्यांचे वाढदिवस चुकतात माझे, ११३ चुकत नाही.

आणि एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. सैनिक रायफल चालवतो त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ ती वागवतो आणि साफ करतो. एसएलआर रिकामी असताना सव्वाचार किलोच्या वर, भरलेल्या मॅगझीनसकट (गोळ्यांच्या पेटीसकट) पाच किलो, लांबी एक मीटरच्या वर, ती घेऊन चालायचं, पळायचं, रांगायचं, झोपताना जवळ घ्यायची, आणि मग रोज खोलना-जोडना. मॅगझीन काढ, बॉडी उघड, ब्रीच ब्लॉक आणि कॅरिअर बाहेर, गॅस प्लग, पिस्टन, मग पुल-थ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंदी लावून बॅरलमधून ओढायची, एकदा, दोनदा, चिंदी पांढरी निघेपर्यंत. एवढं हजारो वेळा केलेलं असतं, ते हातांच्या लक्षात राहतं. बाबांच्या हातात छत्रीचा दांडा देऊन बघा, धरायची पद्धत बदललेली दिसेल.

लढाईबद्दल विचारलं की कुणाकुणाची नावं घ्यावी लागतात, ती त्यांना घ्यायची नसतील. रायफलीबद्दल बोलताना तेच दिवस येतात पण किती बोलायचं ते त्यांच्या हातात राहतं. म्हणून तिथूनच बोलू द्या, घाई करू नका.

प्रश्न : आजोबा ६२ साली चीनच्या लढाईत .३०३ रायफलीवर होते. ती रायफल टाकाऊ होती म्हणून आपण हरलो असं सगळे म्हणतात, आजोबांना ते ऐकून राग येतो. खरं काय?

आजोबांचा राग बरोबर आहे असं माझं मत आहे. .३०३ म्हणजे ली-एन्फिल्ड, बोल्ट अॅक्शन, दर गोळीला बोल्ट हातानं मागेपुढे करायचा, मॅगझीन १० गोळ्यांचं. समोर चिन्यांकडे सेमी-ऑटोमॅटिक आणि ऑटोमॅटिक हत्यारं होती, तो फरक होताच आणि जवळच्या लढाईत तो जीवघेणा होता. पण रायफल म्हणून ती फार मजबूत आणि अचूक, तिचा बोल्ट इतका सरकता की पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश फौजेत ३०० यार्डांवर मिनिटाला १५ नेमक्या गोळ्या ही शिकवणीची अपेक्षा असायची. कमी पडलं ते बाकीचं : उंचीवरच्या थंडीचे कपडे, दारूगोळा, रस्ते, मागून येणारी मदत. लडाखमधल्या रेझांगलाला १८ नोव्हेंबर १९६२ ला १३ कुमाऊं बटालियनची चार्ली कंपनी मेजर शैतान सिंगांबरोबर याच .३०३ वर शेवटपर्यंत लढली, आणि पुढच्या वर्षी बर्फ उतरल्यावर लोक वर पोचले तेव्हा जवान खंदकातल्या आपापल्या जागीच होते, कित्येकांच्या हातात हत्यार तसंच. त्यानंतर कुणी त्या रायफलीला टाकाऊ म्हटलं की मलाही सहन होत नाही.

आजोबांना दोन गोष्टी विचारा, खूश होतील. एक, बटच्या पितळी झाकणाखाली काय असायचं? (तेलाची बाटली आणि पुल-थ्रू.) दुसरी, फायरिंगनंतर बॅरलमधून उकळतं पाणी का ओतायचे? त्या काळच्या गोळीच्या बुडाशी असलेल्या कॅपमधल्या मसाल्याचं मीठ बॅरलमध्ये राहायचं, ते ओल धरायचं आणि गंज चढायचा, तेलानं मीठ विरघळत नाही म्हणून आधी पाणी आणि मग तेल.

प्रश्न : आमच्या माजी सैनिकांच्या गटात एसएलआर चांगली की इन्सास यावर दर वेळी भांडण होतं. तुम्ही दोन्ही वापरल्यात, तुम्ही सांगा.

भांडण होणारच, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टीबद्दल बोलत असतात. एसएलआर म्हणजे बेल्जियमच्या एफएन फाल रायफलीवरून आपल्याकडे ईशापूरला बनलेली, ७.६२ बाय ५१ मिलिमीटरची गोळी, २० चं मॅगझीन, एका वेळी एकच फायर. कॉकिंग हँडल डावीकडे, म्हणजे उजवा हात ग्रिपवरून हलत नाही, हे मला आजही फार शहाणपणाचं वाटतं. गोळी लांबवर जोर टिकवते, झाडाच्या आड लपलेल्याला झाड पुरत नाही. त्रास म्हणजे वजन, लांबी आणि खांद्याला बसणारा धक्का.

इन्सास ५.५६ ची. रायफल स्वतः फार हलकी नाही, लोकांचा तिथे गैरसमज होतो, पण ५.५६ ची गोळी साधारण १२ ग्रॅमची आणि ७.६२ ची २४ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या पाऊचमध्ये बसतात. धक्का कमी, नवीन पोरगा लवकर शिकतो, एकदा ट्रिगर ओढला की तीन गोळ्यांचा बर्स्ट सुटतो, मॅगझीन आरपार दिसणारं त्यामुळे किती उरल्या ते कळतं. पण १९९९ ला कारगिलच्या थंडीत तीच प्लॅस्टिकची मॅगझीन तडकल्या आणि रायफली अडकल्याच्या तक्रारी आल्या, आणि ज्यांनी ते भोगलं त्यांच्यापुढे तुम्ही गोळीच्या वजनाचा हिशोब मांडू शकत नाही.

अडकायची तर एसएलआरही. रेंजवर माझी एकदा दुसऱ्याच गोळीला थांबली, मी ट्रिगर ओढतोय आणि काहीच नाही, उस्ताद मागून ओरडले, "गॅस!" धूळ-काजळी साचली की पिस्टनला गॅस कमी पडतो आणि पुढची गोळी चेंबरला जात नाही, रेग्युलेटर दोन खाचा फिरवायचा की चालू. मी सकाळी पिस्टन नीट पुसला नव्हता, चूक माझी होती, तेव्हापासून तो पुसल्याशिवाय मी जेवायला बसलो नाही.

मला निवडायला सांगितलं तर मोकळ्या डोंगरात एसएलआर, आणि गल्लीत, जंगलात, शंभर मीटरच्या आत एके-४७, इन्सासचा नंबर माझ्याकडे तिसरा. २०१९ ला सैन्यदलांसाठी सिग ७१६ रायफलींचा करार झाला, ७२,४०० रायफली, त्या परत त्याच ७.६२ बाय ५१ च्या. आमच्या वयाच्या लोकांना त्या दिवशी किती बरं वाटलं ते शब्दात सांगता येणार नाही.

प्रश्न : पणजोबा मराठा पलटणीत होते, इटलीत लढले. ते टॉमी गन टॉमी गन म्हणायचे असं ऐकलंय. आपल्या लोकांकडे ती खरंच होती का?

होती. थॉम्पसन, .४५ ची, रिकामी असतानाही साडेचार किलोच्या वर. १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर मशीनगनचा मारा झाला, बरोबरचे सगळे पडले, ते एकटे धावत गेले, ग्रेनेड टाकला, टॉमी गननं एकाला टिपलं, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून तीच गन नळीला धरून उरलेल्या दोघांवर चालवली. तिथेच ते शहीद झाले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, वय २२. पणजोबांच्या तोंडी टॉमी गन का होती ते यातून कळेल.

प्रश्न : रिटायर होताना स्वतःची रायफल विकत घेऊन ठेवता येते का?

नाही. ती सरकारची, कोतमध्ये जमा होते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या नावावर चढते. मी जमा केली तेव्हा बटवरून हात फिरवला, कोत सांभाळणाऱ्या एनसीओनं मान दुसरीकडे वळवली.

प्रश्न : वडील बोलताना सारखे "काय? काय?" करतात, टीव्ही मोठ्यानं लावतात, कानाचं मशीन घ्या म्हटलं की चिडतात. फायरिंगचा परिणाम असेल का?

असू शकतो, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे आभार, कारण घरोघरी हेच चाललंय आणि म्हातारपण म्हणून सोडून देतात. आमच्या वेळी रेंजवर कानात चिंदी कोंबायचो, तेवढंच संरक्षण, आणि एसएलआरचा आवाज चिंदीनं अडत नाही. कानाच्या आतल्या नाजूक पेशींचं नुकसान झालं की ते परत येत नाही. उजव्या खांद्यावरून फायर करणाऱ्याचा डावा कान नळीच्या बाजूला येतो, उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो, म्हणून आमच्यात डावा कान जास्त गेलेला असतो. ऑडिओग्राम (ऐकू येण्याची तपासणी) करून घ्या, दोन्ही कानांचा वेगवेगळा. माझा झालाय, डावीकडे मशीन आहे, नातवंडांचं बोलणं आता कळतं, हे त्यांना सांगा, एका फौजीनं सांगितलं म्हणून कदाचित ऐकतील.

तोवर एक करा, त्यांच्या उजव्या बाजूला बसत जा.