ठाण्याची थंडी आणि हॉलमधली झाडं: तुमचे प्रश्न

डिसेंबर लागला की प्रश्नांचा ढीग येतो आणि निम्म्यांत एक वाक्य असतंच, "थंडी लागली असेल का?" अहो, आपल्याकडे पहाटे पंखा एकवर आणला की झाली थंडी! फार तर १६-१७ डिग्री, येऊरच्या बाजूला थोडं अजून खाली. मॉन्स्टेरा, पीस लिली, मनी प्लांट यांना गारठ्याचा खरा त्रास साधारण १०-१२ डिग्रीच्या खाली सुरू होतो. तेव्हा बर्फाळ देशातले व्हिडिओ बघून झाडं गुंडाळून ठेवू नका, इथे गडबड होते ती पाण्याने, उन्हाने आणि कोरड्या हवेने.

प्रश्न (घोडबंदर रोड): ताई, मॉन्स्टेराची खालची चार पानं आठवड्यात पिवळी पडली. एक दिवसाआड पाणी देते, पावसाळ्यातही तेवढंच देत होते. माती ओली असते. कशाने झालं?

उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे बघा, माती ओली असते. जूनमध्ये आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकराचा. उजेड कमी म्हणजे झाड पाणीही कमी ओढणार, तुम्ही मात्र जुन्याच हिशोबाने देताय, मग मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडायला लागतात. एखादं जुनं पान पिवळं पडलं तर सोडून द्या, पण एकदम चार म्हणजे लक्ष द्यायला हवं.

आज पाणी बंद. वार बघून पाणी द्यायचं नाही, बोट दोन इंच आत घालायचं, कोरडं लागलं तरच द्यायचं. कुंडी शोभेच्या सिरॅमिक पॉटमध्ये ठेवली असेल तर उचलून बघा, तळाशी हमखास पाणी साचलेलं असतं. आठवड्याभरात पिवळेपणा थांबला नाही तर झाड बाहेर काढा. मुळं पांढरट आणि कडक असली तर ठीक, तपकिरी, लिबलिबीत, वास येणारी असली तर स्वच्छ कात्रीने कापा आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (हलके पांढरे खडे) आणि थोडं गांडूळखत अशा भुसभुशीत मिक्समध्ये लावा. नुसती बागेतली लाल माती नको, ती घट्ट बसते.

आणि हे सगळं हॉलमधल्या झाडांचं झालं हं. बाल्कनीत वाऱ्यावर असलेली कुंडी याच दिवसांत पटकन सुकते, तिथे कदाचित रोजही लागेल. म्हणून "हिवाळ्यात पाणी कमी करा" हा सरसकट सल्ला मला पटत नाही. स्नेक प्लांट आणि झीझीला मात्र खुशाल विसरा, दोन-तीन आठवड्यांनी एकदा दिलं तरी पुरतं, झीझी तर मातीखालच्या गड्ड्यांत पाणी साठवून बसलेलं असतं.

प्रश्न (वाशी): पीस लिली मे महिन्यात त्याच बाल्कनीत मस्त होती, आता पानांवर करपल्यासारखे डाग. थंडीत ऊन इतकं कडक असतं का?

तुमची बाल्कनी दक्षिणेकडे असणार. मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली तुम्हाला मिळते. डिसेंबरात तो भरदुपारीही दक्षिणेला झुकलेला, जेमतेम ४७ डिग्रीवर, त्यामुळे ऊन सरळ आत शिरतं आणि पानांवर पडतं. कुंडी तीन-चार फूट आत घ्या किंवा पातळ पडदा लावा. डाग जाणार नाहीत, नवीन पानं चांगली येतील. उत्तरेच्या खिडकीवाल्यांचं उलटं, तिथे आता थेट ऊन अजिबात नाही, झाड काचेच्या जवळ सरकवा.

प्रश्न (खारघर): कॅलेथियाच्या कडा कुरकुरीत झाल्यात, दिवसातून तीनदा स्प्रे मारतो. तरी फरक नाही.

नाहीच पडणार, स्प्रेचं पाणी थोड्या वेळात उडून जातं. या दिवसांत जमिनीवरून येणारा कोरडा वारा असतो, पावसाळ्यातल्या दमट हवेत मजेत वाढलेल्या कॅलेथियाला तो झेपत नाही. पंख्याखालून आणि एसीसमोरून हलवा, बाकीच्या झाडांच्या घोळक्यात ठेवा, बाथरूमला उजेडाची खिडकी असेल तर त्याहून छान जागा नाही. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनीही कडा जळतात, मला विचाराल तर पाणी फिल्टरचं द्या. आणि खरं सांगू का, हे झाड आपल्या हवेत नखरे करणारच, नवीन घेणार असाल तर आधी विचार करा.

प्रश्न (ऐरोली): कॅलेडियमची सगळी पानं लोळली. मेलं का? टाकून देऊ?

टाकू नका! झोपलंय ते. मातीत कंद आहे. पाणी बंद करा, कुंडी सावलीत कोपऱ्यात ठेवा, मार्च-एप्रिलमध्ये गरम व्हायला लागलं की थोडं थोडं पाणी सुरू करा.

प्रश्न (नौपाडा): मनी प्लांटवर कापसासारखं पांढरं, आणि अरेका पामची पानं धुळकट, खाली बारीक जाळी. दोन्हीला एकच औषध चालेल?

कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, जाळी म्हणजे लाल कोळी. कोळी कोरड्या हवेत झपाट्याने वाढतो आणि आपल्याकडे बांधकामांची धूळ आहेच सोबतीला. खात्री करायची तर पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, ठिपके चालायला लागले की समजा.

अरेका सरळ बाथरूममध्ये नेऊन शॉवरखाली धुवा, पानांची खालची बाजू विशेष. मनी प्लांटवरचे ढेकूण स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. मग दोन्हींवर नीम ऑइल, एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, संध्याकाळी मारा, उन्हात नको. एकदा मारून थांबू नका, अंडी मागे राहतात, दर आठवड्याला असं तीन-चार वेळा करा. आणि तोवर ही दोन झाडं बाकीच्यांपासून लांब.

प्रश्न (नेरुळ): जानेवारीत रिपॉटिंग (कुंडी-माती बदलणं) आणि खत चालेल का?

झाड धडधाकट असेल तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबा, नवीन कोंब दिसला की करा. मुळं सडलेली असतील तर मात्र थांबायचं नाही, आजच. खत बंद ठेवलं तरी चालेल, द्यायचंच तर महिन्यातून एकदा, नेहमीच्या अर्धं, तेही ओल्या मातीत.