सांगलीतल्या जुन्या घरात वाय-फायवरून पीसीचा गेम स्टीम डेकवर अडखळतो. नेटचा प्लॅन वाढवू का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: गावभागात जुनं दुमजली घर, माडीवर जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्डाचा पीसी, त्याला वाय-फायचं यूएसबी डोंगल. राऊटरही माडीवरच, भिंतीतल्या कोनाड्यात. मामांनी परदेशातून आणलेल्या स्टीम डेकवर (हातात धरून खेळायचं यंत्र) खाली सोप्यात आजीजवळ बसून खेळायचंय, पण चित्र फुटतं आणि बटण दाबल्यावर हालचाल उशिरा होते. नेट १०० एमबीपीएसचं आहे, ३०० चा प्लॅन घ्यावा का?

घेऊ नका. घरातल्या घरात खेळताना गेमचं चित्र इंटरनेटवर जातच नाही. पीसीकडून राऊटरकडे आणि राऊटरकडून डेककडे, एवढाच त्याचा प्रवास. घरच्या आडाचं पाणी घागरीत भरायला नगरपालिकेचा नळ मोठा करून घेण्यातला हा प्रकार आहे. एकदा जोडणी झाली की बाहेरचं नेट बंद असतानाही मूनलाइट, म्हणजे पीसीचा गेम डेकवर दाखवणारं अ‍ॅप, चालतं.

मुळात या कामाला वेग फारसा लागत नाही. डेकचा पडदा १२८० बाय ८०० चा आहे, त्यावर सेकंदाला ६० फ्रेमला (म्हणजे ६० चित्रांना) १५ एमबीपीएस पुरतात. लागतो तो नियमितपणा. ६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना एक चित्र पोचलंच पाहिजे. व्हिडिओ बघताना पुढचे काही सेकंद आधीच साठवलेले असतात, म्हणून मध्ये नेट अडकलं तरी कळत नाही. गेममध्ये पुढचं चित्र तुमच्या बोटावर ठरतं, ते आधी साठवणार कसं? म्हणून स्पीड टेस्टला ९५ दिसतात आणि गेम मात्र अडखळतो.

आता तुमच्या घरातलं खरं कारण. वाय-फायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीचे थांबतात. तुमचा पीसीही वाय-फायवर आणि डेकही, म्हणजे प्रत्येक चित्र हवेतून दोनदा जातं आणि दोन्ही वेळा रांगेत उभं राहतं. पीसी केबलवर आणलात की त्यातली एक रांग कायमची संपते. राऊटर त्याच मजल्यावर आहे, तेव्हा हे आधी करा. कॅट ६ ची तयार केबल घ्या, दाराच्या चौकटीकडेनं क्लिपा मारत न्या. लिंक १०० एमबीपीएसचीच जुळली तरी काळजी नको, १५ साठी ती भरपूर आहे. या एका केबलनं जेवढा फरक पडतो तेवढा बाकी कुठल्याच सेटिंगनं पडत नाही, हे मी अगदी खात्रीनं सांगतो.

दुसरी गोष्ट भिंतीची. आमचं घर साताऱ्यात मंगळवार पेठेत, काळ्या दगडाचं, भिंत हातभर जाड. मूनलाइटमध्ये पडद्यावर आकडे दाखवायची सोय आहे, ती चालू करून मी राऊटरच्या खोलीत उभा राहिलो की नेटवर्क लेटन्सी (पीसीपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) २-३ मिलिसेकंद दिसते. तसाच डेक हातात धरून उंबरा ओलांडला, भिंतीच्या आड एक पाऊल सरकलो, की तोच आकडा उड्या मारायला लागतो आणि खाली गळालेल्या फ्रेमची टक्केवारी चढते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी असल्या भिंतीला फार लवकर हार मानतात. २.४ च्या लहरी भिंत त्यातल्या त्यात बऱ्या ओलांडतात, पण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. गावभागात घराला घर चिकटलेलं, त्यात आख्ख्या आळीचे राऊटर आणि घरातले ब्लूटूथ हेडफोन सगळे त्याच पट्ट्यात. तिथे १६ मिलिसेकंदांचा हिशेब जमणं कठीण.

आणि तो कोनाडा! जुन्या घरांत राऊटर कोनाड्यातच जातो, कारण तिथे तो नेमका बसतो आणि वायरही दिसत नाही. पण तिन्ही बाजूंनी भिंत असते. बाहेर काढा, उंचावर मोकळा ठेवा, लोखंडी कपाटाच्या आड नको.

खाली सोप्यात मात्र माडीवरच्या राऊटरचं ५ गिगाहर्ट्झ धड पोचेल असं मला वाटत नाही. त्यावर उपाय म्हणजे दुसरा साधा ड्युअल बँड राऊटर. तो सोप्यात ठेवून अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका (म्हणजे तो फक्त वाय-फाय पसरवेल) आणि माडीवरच्या राऊटरपासून त्याच्यापर्यंत केबल उतरवा. केबल बाहेरच्या भिंतीवरून येणार असेल तर उन्हापावसात टिकणारी काळ्या आवरणाची घ्या. दुकानदार रिपीटर पुढे करेल, कारण त्याला केबल लागत नाही. या कामासाठी तो घेऊ नका. ऐकलेलं पुन्हा हवेतच बोलून दाखवायचं हेच त्याचं काम, म्हणजे आपण मोडलेली रांग परत उभी राहते.

खालच्या राऊटरवर ५ गिगाहर्ट्झचं चॅनेल ३६ ते ४८ मधलं ठेवा. ५२ ते १४४ या चॅनेलवर रडारचा संकेत आल्यासारखा वाटला तरी राऊटरला जागा सोडावी लागते, मग खेळ मध्येच तुटतो. चॅनेलची रुंदी ८० ऐवजी ४० मेगाहर्ट्झ केली तरी चालेल.

पीसीवर चित्र पाठवणारं सनशाइन टाका, डेकवर मूनलाइट, दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. (एनव्हिडियाचं स्वतःचं याच कामाचं गेमस्ट्रीम २०२३ मध्ये बंद झालं, जुन्या व्हिडिओंत ते दिसलं तर शोधत बसू नका.) गेम सगळे स्टीम या ऑनलाइन दुकानातलेच असतील तर काहीच न टाकता स्टीमचं रिमोट प्लेही चालेल. तुमच्या १६५० मध्ये एन्कोडर (चित्र दाबून लहान करणारा भाग) आहे, त्यात एचईव्हीसी हा प्रकार निवडा. गेमला पीसीवरच ६० फ्रेमची मर्यादा घाला, कारण कार्ड पूर्ण १०० टक्क्यांवर राबत असेल तर चित्र पाठवायला उशीर होतो. विंडोजमध्ये नेटवर्क प्रायव्हेट करा. डेकवर डेव्हलपर मोडमध्ये वाय-फायचं पॉवर मॅनेजमेंट बंद करून पाहा, बॅटरी थोडी जास्त जाईल.

एवढं केल्यावर गोष्टीचे गेम, शेतीचे, गाड्यांचे, क्रिकेटचे सुरेख चालतात. नेमबाजीचे ऑनलाइन सामने मात्र माडीवर पीसीसमोरच खेळा, तिथे काही मिलिसेकंदही महागात पडतात.

पुढे मिरजेला मित्राच्या घरी बसून हाच पीसी चालवायचा झाला तर टेलस्केल (बाहेरून घरच्या यंत्राशी जोडणारं अ‍ॅप) वापरा. तेव्हा मात्र प्लॅन बघावा लागेल, आणि त्यातही अपलोडचा आकडा, कारण घरातून चित्र बाहेर जाणार.

आधी फक्त पीसीची केबल टाका आणि सोप्यातल्या आजीजवळच्या जागेवरून नेटवर्क लेटन्सी आणि गळालेल्या फ्रेम हे दोन आकडे इथे लिहा. दुसरा राऊटर घ्यायचा की नाही ते त्यावरून सांगतो, उगाच खर्च नको.